द व्हॉयेज: लाकडी रुळावरची पावणेतीन मिनिटं

द व्हॉयेजचा सांगाडा पोलादी आहे. तरीही ती लाकडी रोलर कोस्टरच, कारण कोस्टरची जात खांबांवरून नाही, रुळावरून ठरते. इथला रूळ म्हणजे लाकडाच्या फळ्या एकावर एक ठोकून केलेली जाड चवड आणि चाक जिथे फिरतं तिथे पोलादी पट्टी. चाकं तीन प्रकारची: वजन पेलणारी, बाजूने धरणारी आणि रुळाच्या खालून अडकणारी. खालची नसती, तर टेकडीच्या माथ्यावर गाडी रूळ सोडून उडाली असती.

अमेरिकेत इंडियाना राज्यात सांता क्लॉज नावाचं गाव आहे. तिथल्या हॉलिडे वर्ल्ड या करमणूक बागेत ही कोस्टर २००६ पासून चालू आहे. आराखडा द ग्रॅव्हिटी ग्रुप या कंपनीचा. उंची १६३ फूट, पहिला उतार १५४ फुटांचा आणि ६६ अंशांचा, वेग ताशी १०८ किलोमीटर, लांबी ६,४४२ फूट, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. पण खरी हुशारी जमीन वापरण्यात आहे. रूळ झाडीत शिरतो, जमिनीच्या चढउताराला चिकटून धावतो आणि पाच बोगद्यांतून जातो. जमीन इतकी जवळून सरकते की तोच वेग दुप्पट वाटतो. जाताना मोठ्या टेकड्या, टोकाला गुंतवळ्यासारखी वळणं, एकूण तीन ठिकाणी गाडी पूर्ण ९० अंशांत आडवी. सीटवरून अंग उचललं जाण्याचा एकूण वेळ २४.३ सेकंद! मधल्या ब्रेकनंतर एकापाठोपाठ तीन उतार येतात. एरवी ब्रेकनंतर कोस्टर मंदावते, इथे तिथूनच ती पुन्हा पेटते.

दोष एकच, पण मोठा: परतीच्या वाटेवरचे धक्के. जड गाडी वळणांत रुळाला बाहेर रेटते, लाकूड दबतं, खिळे सैल होतात, दोन रुळांमधलं अंतर किंचित वाढतं आणि बाजूची चाकं डावी-उजवीकडे आपटू लागतात. म्हणून हिवाळ्यात बाग बंद असताना रुळाचे तुकडे उखडून नवे बसवावे लागतात. २००६ मध्येच न्यू जर्सीत आलेल्या एल टोरो या लाकडी कोस्टरचा रूळ कारखान्यात लेसरने कापून आणलेला आहे, त्यामुळे तो जास्त गुळगुळीत. इमॅजिकाच्या नायट्रो कोस्टरचा पोलादी नळीचा रूळ अंगवळणी पडलेल्यांना तर द व्हॉयेज राकटच वाटेल. पण हा राकटपणा लांबीला आणि वेगाला शोभतो. मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल, तर मात्र बसू नये.

किमान उंची ४८ इंच. मांडीवरचा बार खटक्यांनी खाली सरकतो आणि मध्येच वर येत नाही. म्हणून बार लावताना ताठ बसा, पाय जमिनीवर सपाट ठेवा. पोक काढून बसलात तर पुढच्या उसळीत तो आणखी रुतेल. पहिल्या उतारावर खेचलं जायचं असेल तर शेवटची रांग घ्या, धक्के कमी हवे असतील तर पुढची. चाकांचं वंगण तापल्यावर गाडी मोकळी धावते, त्यामुळे सकाळपेक्षा संध्याकाळची फेरी वेगवान. अंधार पडल्यावर झाडीत पुढचं वळण दिसतच नाही, तेव्हा तर ती पुरती कळते.

बागेत पार्किंग, सनस्क्रीन आणि थंड पेयं फुकट. शेजारच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: सांता क्लॉजचं घड्याळ तिथल्यापेक्षा एक तास मागे असतं.