दिवाळी ते पोळा : जुन्या छोट्या गाडीच्या गिअरपेटीचा अनुभव

आठशे सीसीची, तीन सिलिंडरची, पाच गिअरची ही जुनी गाडी दिवाळीनंतर घेतली. विकणाऱ्यानं आधीच सांगून टाकलं होतं की पेटी गेलेली आहे, आणि त्याच हिशेबानं किंमत उतरवली होती. आता पोळा झाला. मधल्या काळात गाडीनं संत्र्याचे आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार, उन्हाळ्यातली लग्नसराई आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल असं सगळं पाहिलं. गिअरपेटीवर एवढं लिहायचं कारण म्हणजे आमच्या अचलपूर तालुक्यात अशा गाड्या गावोगावी आहेत, आणि पेटी गेली असं कुणीतरी म्हटलं की मालक एकतर गाडी मातीमोल विकतो, नाहीतर थेट पेटी खोलायला लावतो. या गाडीच्या चार तक्रारी होत्या. त्यातली पेटीच्या आतली निघाली फक्त एक.

तक्रारी अशा. रिव्हर्स टाकताना करकर. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना खर्रर. चाळीसच्या पुढे गेलं की खालून घूंऽऽ असा आवाज. आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की तिसरा गिअर आपोआप न्यूट्रलला. चारही एकदम ऐकल्या की कुणालाही पेटीच वाटेल.

परतवाड्याचे मिस्त्री मात्र घाईत नव्हते. गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "भाऊ, पेटीले हात लावाच्या आंधी वायर पाहू." वायर म्हणजे क्लचची केबल. मग बंद गाडीत त्यांनी पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि रिव्हर्ससुद्धा टाकून पाहिला. सगळे गिअर अलगद पडले. इंजिन सुरू केलं आणि तेच पुन्हा केलं, तर पहिला अडखळला आणि रिव्हर्स ओरडला. ही तपासणी कुणीही घरच्या अंगणात करू शकतो, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे. बंद गाडीत गिअर मऊ पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजावं. पेडल दाबूनही इंजिनाची ताकद थोडी थोडी पेटीत जात राहते, आतला शाफ्ट फिरत राहतो, आणि फिरत्या दात्यांत दुसरे दाते घालायला गेलं की करकर होते. बंद गाडीतही गिअर जड असेल, तर लिव्हर, खालचा रॉड, बुश किंवा पेटीचं आतलं काम पाहायचं.

रिव्हर्सची एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवायला हवी. या प्रकारच्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी कडी, नसते. त्यामुळे क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकला तर चांगली गाडीही थोडी ओरडते. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग टाकायचा. थांबूनही ओरडला तर क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाही, हे नक्की. आमची थांबूनही ओरडत होती. केबल काढली तेव्हा क्लचच्या आर्मजवळ तिच्या तारा उसवून फुलल्या होत्या आणि ॲडजस्टिंग नट शेवटच्या आट्यापर्यंत आला होता. केबल बदलली आणि पेडलचा मोकळा खेळ १५ ते २५ मिलिमीटरमध्ये ठेवला. रिव्हर्सची तक्रार त्याच दिवशी संपली. केबलचा खर्च काही शेकड्यांत होतो आणि पेटी खोलायला हजारो लागतात, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे.

घूं आवाजाकडे वळतो, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथंच. अंजनगाव रस्त्यावर सकाळी वर्दळ कमी असते. तिथं साठाच्या वेगात क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाकली आणि तशीच वाहू दिली. इंजिन आयडलवर आलं, पण घूं तसाच राहिला आणि गाडीचा वेग उतरेल तसा तोही उतरत गेला. म्हणजे आवाज चाकांच्या फिरण्याशी बांधलेला होता, इंजिनाशी नाही. मग लांब वळणावर लक्ष दिलं. उजवीकडे वळताना आवाज वाढायचा, डावीकडे वळताना जवळपास नाहीसा व्हायचा. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या बाजूला जातो. पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, हातानं फिरवलं आणि स्प्रिंगवर बोटं टेकवली, तर खरखर बोटांना जाणवत होती. चाकाचं बेअरिंग. नवं बसवलं आणि आवाज गेला. एवढ्या आवाजासाठी पेटी खाली उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्यात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. न्यूट्रलची ही चाचणी सपाट, रिकाम्या रस्त्यावरच करावी. घाटात किंवा उतारावर अजिबात नको, तिथं इंजिनाची पकड सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो.

पेटीच्या बेअरिंगचा आवाज कसा ओळखायचा, तेही मिस्त्रींनी दाखवलं. गाडी उभी, न्यूट्रल, पाय क्लचवर नाही, आणि घर्रघर्र येते. क्लच दाबला की ती थांबते, तर पेटीच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून ताकद आत घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. आमच्या गाडीत हा दुसरा आवाज बारीकसा होता. मिस्त्री म्हणाले, "हे आत्ता नोका बदलू, पेटी उतरली तं तेव्हा टाकू." सल्ला योग्य होता, कारण त्या बेअरिंगपर्यंत पोचायला पेटी उतरवावीच लागते.

तिसरा गिअर सुटायचा तो चिखलदऱ्याहून उतरताना. चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि परतवाडा पायथ्याच्या सपाटीला, त्यामुळे उतरताना बराच वेळ गाडी इंजिनाच्या पकडीवर धरावी लागते. नेमकी तेव्हाच ती सुटणं धोक्याचं. अशा वेळी आतले दाते झिजलेत, गिअर सरकवणारा फोर्क वाकलाय किंवा गिअर जागेवर धरणारी बॉल-स्प्रिंग ढिली झालीय असं सांगतात, आणि तसं असूही शकतं. पण आधी माउंटिंग, म्हणजे इंजिन-पेटी गाडीला धरून ठेवणारे रबरी आधार, पाहावं. बॉनेट उघडं ठेवून, हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडला, मग रिव्हर्समध्ये तसंच केलं. गाडीच्या पुढे-मागे कुणालाही उभं करायचं नाही, पाहणाऱ्यानं बाजूनं पाहायचं. इंजिन-पेटीचा गोळा इतका हलत होता की पाहूनच कळलं. पेटीच्या बाजूच्या माउंटिंगचं रबर फाटून लोखंडापासून सुटलं होतं. अॅक्सिलरेटर सोडला की सगळा गोळा एका अंगाला झुकायचा आणि रॉड गिअरला बाहेर ओढायचा. माउंटिंग आणि लिव्हरखालचे बुश नवे टाकले. त्यानंतर तिसरा पुन्हा सुटला नाही, पावसाळ्यात भरल्या गाडीनं घाट उतरलो तेव्हाही नाही.

राहिला दुसरा गिअर, आणि हे दुखणं खरंच आतलं होतं. ओरडणारा गिअर एकच, बाकी सगळे मुके, तर क्लचवर दोष टाकता येत नाही. क्लच ओढत असता तर सगळ्यांनीच थोडीफार तक्रार केली असती. खात्री करायला डबल क्लच करून पाहिला. तिसऱ्यावरून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरचा छोटा दाब, पुन्हा क्लच, मग दुसरा. गिअर लोण्यासारखा पडला. सिंक्रो रिंगचं काम आपण पायानं केलं की गिअर बिनतक्रार जातो, म्हणजे रिंग झिजलेली आहे. दुसराच का झिजला, तर आमच्या रस्त्यांवर दुसऱ्यालाच विसावा नाही. गावात शिरताना ब्रेकर, पुढे गुरं, मग खड्डा, मग बैलगाडी, सगळीकडे तिसऱ्यावरून दुसरा.

तरी लगेच पेटी खोलली नाही. आधी ऑइल बदललं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून पेटी गरम केली. वरचा भरायचा बोल्ट सुटतोय ना हे पाहिलं आणि मगच खालचा उघडला. हा क्रम पाळावाच. खालून ऑइल काढून बसलात आणि वरचा बोल्ट गंजून अडकला असेल, तर गाडी जागेवरून हलत नाही. ऑइल काळं, पातळ, आणि उन्हात धरलं तर सोनेरी चकाकी. बोल्टच्या चुंबकावरचा करडा मऊ लेप इतक्या जुन्या पेटीत चालतो. बोटाला टोचणारे तुकडे असते तर दाते किंवा बेअरिंग तुटतंय असं समजायचं, तसे नव्हते. चकाकी पितळेची होती, आणि या पेटीत रिंगा पितळेच्याच असतात. निदान असं दोन्ही अंगांनी जुळलं.

ऑइलबद्दल कळकळीनं सांगतो. डबा घेताना ७५डब्ल्यू-९० हा घट्टपणाचा आकडा तेवढाच पाहू नका, त्यावर जीएल-४ आहे की जीएल-५ हा ऑइलचा प्रकारही वाचा. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. ती ट्रकच्या जड डिफरन्शियलसाठी (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांसाठी) चांगली, पण पितळी रिंगांना मानवतातच असं नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच टाका. अशा पेटीत दोन-अडीच लिटर लागतं आणि डिफरन्शियलही त्याच ऑइलात असतं. नव्या ऑइलनं पौषातल्या थंड सकाळी गिअर मऊ पडू लागले, पण दुसऱ्याची खर्रर राहिली. झिजलेली रिंग ऑइलनं किंवा दुकानात मिळणाऱ्या कुठल्या औषधानं भरून येत नाही.

मृग बहाराची तोडणी आटोपल्यावर पेटी उतरवली. दुसऱ्याची रिंग गिअरच्या निमुळत्या कोनावर दाबून पाहिली तर रिंग आणि गिअर यांच्यात फट जवळपास उरलीच नव्हती, नव्या रिंगला ती स्पष्ट दिसली. फोर्क सरळ, दाते धड. रिंग बदलली, आणि पेटी खाली आहेच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, इनपुट शाफ्टचं सील आणि इंजिनाचं मागचं सील हेही टाकून घेतलं. मजुरी एकदाच लागते. बिल हजारांत गेलं, तरी विकणाऱ्यानं पेटीच्या नावावर जी किंमत सोडली होती त्याच्या आतच सगळं बसलं.

१९८३ साली मारुती ८०० आली आणि आडवं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद ही रचना तालुक्यातालुक्यातल्या मिस्त्रींच्या हातात बसली. छोट्या जुन्या गाडीचं खेड्यात हे मोठं बळ आहे. परतवाड्यात, अंजनगावात, दर्यापुरात या कामाचा माणूस सापडतो आणि भाग अमरावतीहून त्याच दिवशी येतो.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हाही गिअर बदलताना काही जाणवलं नाही. खरी परीक्षा पावसाळ्याची. पांदणीत चाक रुतलं की अर्धा क्लच धरून इंजिन रेटायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. प्लेट जळते ती तिथंच, आणि पहिला-रिव्हर्स, पहिला-रिव्हर्स करत गाडी झुलवताना पेटीच्या दात्यांवर आणि एक्सलवर झटके बसतात. आम्ही चाकाखाली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) किंवा पोतं टाकतो आणि दोघं ढकलतात. तुरीच्या खुटांतून गाडी घालत नाही. ती खुटं एक्सलचं रबरी बूट फाडतात, ग्रीस निघून जातं, माती आत शिरते, आणि मग पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना टक-टक सुरू होते. तो आवाजही लोक पेटीवर ढकलतात, असतो मात्र सीव्ही जॉइंटचा, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या वळत्या सांध्याचा.

सध्या एकच काम बाकी आहे. उजव्या एक्सलच्या सीलपाशी ऑइलचा ओलावा दिसतो. थेंब पडत नाही, पण महिन्यातून एकदा लेव्हलचा बोल्ट उघडून करंगळीनं पाहतो. ऑइल भोकाच्या कडेला लागलं पाहिजे. आंबिया बहाराच्या गाड्या लागायच्या आधी ते सील बदलून घेईन.