टॉवेल कारखान्यात घेतलेली एम्प्लॉयी एंगेजमेंट सर्व्हिस : पाचपैकी साडेतीन स्टार

आमचा टेरी टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, मी तिथं टाइम ऑफिस आणि पर्सोनेल बघते. दिवाळीचा बोनस हातात पडला की माणसं दुसरीकडं जातात, उचल तशीच राहते, नवीन माणसाचा हात बसेपर्यंत महिने जातात, हे सोलापुरात कुणाला वेगळं सांगायला नको. म्हणून मालकांनी पुण्याच्या एका कन्सल्टंटचं एम्प्लॉयी एंगेजमेंटचं, म्हणजे माणसांचं मन कामात लागावं यासाठीचं, पॅकेज घेतलं, त्यात सर्व्हे, सुपरवायझर ट्रेनिंग, मोबाईल अ‍ॅप आणि महिन्याला एक फन अ‍ॅक्टिव्हिटी असं सगळं होतं. नाव लिहीत नाही कारण असली पॅकेजं सगळीकडं साधारण सारखीच असतात, त्यातलं काय घ्यावं आणि काय नको ते सांगते.

आधी सर्व्हे. प्रश्न गॅलप या सर्व्हे करणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या 12 प्रश्नांच्या धर्तीवरचे होते, म्हणजे तुमच्याकडून काय अपेक्षा आहे ते माहितीय का, कामाला लागणारं सामान मिळतं का, गेल्या सात दिवसांत कुणी चांगलं काम केलं म्हणालं का, तुमच्या मताला किंमत आहे का वगैरे. प्रश्न चांगलेत, पण फॉर्म छापील मराठीत आणि आमच्या हेमिंग-चेकिंगच्या, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या आणि माल तपासणाऱ्या, बायका घरी तेलुगू बोलणाऱ्या, लूमवरचे बरेच जण कन्नड. पहिल्या वेळी सगळ्यांनी सरसकट "उत्तम"वर टिक करून फॉर्म परत दिले. मग आम्ही हट्ट धरला की सुपरवायझरला बाहेर ठेवा आणि त्यांच्या भाषेत तोंडी विचारा, आणि कन्सल्टंटनी ते ऐकलं, दोन मुली बसवल्या, एक तेलुगू बोलणारी आणि एक कन्नड, याचं क्रेडिट त्यांना द्यायलाच पाहिजे. तेव्हा कुठं खरं बाहेर आलं.

ऑफिसात सगळ्यांना वाटलेलं तक्रार पगाराची येणार. आली ती सामानाच्या प्रश्नावर! आमच्याकडं पीस रेट आहे, म्हणजे जेवढा माल काढला तेवढे पैसे, सूत खराब आलं की धागा सारखा तुटतो, लूम थांबतो, जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, दुसऱ्या मशीनवर अडकलेला, आणि तेवढा सगळा वेळ कामगाराच्या खिशातून जातो. चूक खरेदीची आणि पैसे कापले जातात चालवणाऱ्याचे, मग तो मन लावून काम कसं करेल सांगा. आता लूम बंद पडल्याची वेळ वहीत लिहितो, ठरलेल्या वेळेच्या पुढं गेलं की त्या वेळेचा पगार हजेरीप्रमाणे मिळतो. एवढ्या एका गोष्टीनं जो फरक पडला तो बाकी सगळ्या पॅकेजनं मिळून पडला नसता असं माझं स्पष्ट मत आहे.

"कामावर जवळची मैत्रीण आहे का" या प्रश्नाला बायकांना हसू आलं. कुंभारीच्या विडी घरकुलातून एका रिक्षात बसून येतात, एकमेकींचे डबे खातात, लेकरांची लग्नं जमवतात. मैत्री आम्ही नव्याने घडवायची काही गरजच नव्हती, पण पाळ्या लावताना आम्हीच ती रिक्षा फोडत होतो हे या प्रश्नामुळं कळलं. आता एका रिक्षातल्या बायका शक्यतो एकाच पाळीत.

पॅकेजमधलं सगळ्यात भारी म्हणजे सुपरवायझर ट्रेनिंग. आमचे सुपरवायझर सगळे हाताला पक्के कारागीर, काम चांगलं म्हणून वर चढवलेले, पण माणसांशी बोलायचं कसं हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. गॅलपवाले म्हणतात की वेगवेगळ्या टीमच्या एंगेजमेंटमध्ये जो फरक दिसतो त्यातला किमान 70 टक्के हा वरच्या माणसामुळं असतो, आणि आमच्या दोन पाळ्या शेजारी शेजारी बघितल्या तर मला ते पटतं. ट्रेनरनी विल्यम कान या अमेरिकन संशोधकाचा 1990 चा अभ्यास सोप्या भाषेत सांगितला, माणूस कामात जीव ओततो ते तीन गोष्टी असल्या तर, काम अर्थाचं वाटलं पाहिजे, बोललं तर आपल्यावर उलटणार नाही याची खात्री पाहिजे, आणि अंगात-मनात तेवढी ताकद शिल्लक पाहिजे. मग प्रत्यक्ष बोलून घेतलं. आधी चेकिंग टेबलवर सगळ्यांसमोर "डोळे कुठं असतात?" असं ओरडणारा माणूस आता "अक्का, ही शिलाई उसवतीय, दोरा बघू का मशीन बघू?" असं विचारतो. तक्रार आली की तिचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी सांगायचं, काम होणार नसलं तरी सांगायचं, हाही नियम तिथूनच आला.

आता दीड स्टार कुठं कापले ते. अ‍ॅप एकदम बिनकामाचं. पॉइंट, बॅज, शाबासकीचे मेसेज, पण निम्म्या बायकांचा फोन घरी पोराच्या हातात असतो. फन अ‍ॅक्टिव्हिटी पाळी सुटल्यावर ठेवलेली, त्या वेळी बाईला घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो, नळाला पाणी यायचा दिवस असला तर विचारूच नका. ताकद शिल्लक पाहिजे असं ट्रेनिंगमध्ये शिकवायचं आणि तीच अशी काढून घ्यायची हे मला अजिबात आवडलं नाही. आम्ही ते बंद करून त्याच पैशात हेमिंग हॉलला जादा पंखे बसवले, मे महिन्यात सोलापूरचं ऊन काय असतं माहितीच आहे.

आणखी एक, हे गंभीर आहे. रिपोर्ट विभागवार दिला, नावं नव्हती, पण कांडी विभागात, म्हणजे सूत कांडीवर भरतात तिथं, मोजक्याच बायका, कोण काय बोललं ते लगेच ओळखू येत होतं. मी तो भाग मालकांकडं जायच्या आधी थांबवला आणि छोटे विभाग एकत्र करून पुन्हा मागवला. बोललेलं फुटलं असतं तर पुढच्या वेळी कुणीच तोंड उघडलं नसतं.

गड्ड्याच्या यात्रेची आणि नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाची सुट्टी आता वर्षाच्या सुरुवातीलाच बोर्डावर लागते, तीही सर्व्हेतलीच मागणी. दिवाळीनंतर काही माणसं गेलीच, ते पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही, पण बरेच जण आधी सांगून, हिशोब मिटवून गेले.

घ्यायचं असेल तर अ‍ॅप आणि अ‍ॅक्टिव्हिटी काढून कोटेशन मागा, आम्ही विचारल्यावर त्यांनी वेगळं दिलं आणि बरंच कमी झालं. तेलुगू-कन्नड बोलणारी माणसं आणणार का आणि छोट्या विभागांचा रिपोर्ट कसा देणार, हे दोन्ही लेखी घ्या.