टो बोटीचा स्पीड कंट्रोल: खिंडसीच्या पाण्यावर आठ महिने

टो बोट म्हणजे स्कीयरला दोरीने पाण्यावर ओढणारी बोट, आणि स्पीड कंट्रोल म्हणजे तिचा ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सिस्टिम. ऑक्टोबरात बसवलेल्या स्पीड कंट्रोलला मे संपता संपता आठ महिने झाले. बोट इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत), इंजिन ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल. फ्युएल इंजेक्शन आहे, पण थ्रॉटल (इंजिनला गॅस कमीजास्त देणारा भाग) केबलवर चालतं. पाणी रामटेकजवळच्या खिंडसीचं. निकाल आधीच सांगतो: वस्तू घेण्यासारखी आहे, पण तिच्या पैशांआधी नव्या थ्रॉटल केबलचे पैसे बाजूला काढा. एवढ्या दिवसांत ज्या अडचणी आल्या त्यातल्या बहुतेक केबलच्या आणि वायरिंगच्या निघाल्या, स्पीड कंट्रोलच्या डब्याच्या नाही.

गरज कुठे आहे ते आकड्यांतून लगेच कळतं. स्लालम म्हणजे एका स्कीवर तरंगत्या बोयांना वळसे घालत जाणं; त्याचा कोर्स गेटपासून गेटपर्यंत २५९ मीटर. ताशी ५८ किलोमीटरला तो १६.०८ सेकंदांत संपायला हवा, ५५ ला १६.९५ मध्ये. ५५ ऐवजी ५४ ने बोट गेली तर वेळ ०.३ सेकंदाने वाढते, आणि दोरीच्या टोकावर उभा असलेल्याला हा फरक स्पष्ट जाणवतो. स्कीयर प्रत्येक वळणावरून बोटीला मागे खेचतो, बोट दबते, चालक थ्रॉटल पुढे करतो, तोवर ओढ संपलेली असते आणि बोट उडी घेते. चालक कितीही मुरलेला असो, हात अर्धा सेकंद मागेच राहतो.

निवड करताना पहिला प्रश्न थ्रॉटलचा. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर बाहेरून सर्वो (थ्रॉटल ओढणारी छोटी मोटर) लावायचा नसतो, इंजिनच्या कंट्रोलशी बोलणारी सिस्टिम लागते आणि ती इंजिनच्या मॉडेलप्रमाणेच घ्यावी लागते. केबल असेल तर सर्वो मोटरवाला किट चालतो. या क्षेत्रात परफेक्टपास आणि झिरो ऑफ ही दोन नावं सगळ्यात जास्त ऐकू येतात. कोणतंही घ्या, ऑर्डर देण्याआधी इंजिनचा मेक, वर्ष आणि थ्रॉटल बॉडीचा फोटो विक्रेत्याला पाठवा. ब्रॅकेट प्रत्येक इंजिनला वेगळं असतं. चुकीचं आलं तर परदेशातून बदलून घेण्यात अख्खा हंगाम जातो. आउटबोर्डवाल्यांनी (इंजिन बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं) जास्त जपून विचारावं, कारण टोपाखाली सर्वोला जागाच नसते.

दुसरा प्रश्न वेग कशाने मोजायचा. फक्त आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) धरणारी सिस्टिम स्वस्त पडते, पण बोटीत चार माणसं जास्त बसली, टाकी भरली किंवा समोरून वारा आला की त्याच आरपीएमवर वेग उतरतो. तळाला लावायचं पॅडलव्हील (पाण्याने फिरून वेग मोजणारं छोटं चाक) आपल्या तलावांसाठी नकोच. शेवाळाचा एक धागा चाकात अडकला की वेग कमी दिसतो आणि सिस्टिम गॅस वाढवत सुटते. शिंगाड्याचे वेल असतील तिथे तर विचारायलाच नको. जीपीएस आणि आरपीएम दोन्ही वाचणारा किट घ्या. तलावात प्रवाह नसतो, त्यामुळे जीपीएस जमिनीवरचा जो वेग दाखवतं तोच कोर्सच्या वेळेशी जुळतो.

जीपीएस सेकंदाला किती वेळा वेग सांगतं तेही विचारा. बोटीच्या वाटेवर मोजलं तर दोन बोयांमध्ये ४१ मीटर अंतर, म्हणजे ५८ च्या वेगाने अडीच सेकंद. सेकंदाला एकदाच वाचणाऱ्या जीपीएसला त्यात दोन-तीन आकडे मिळतात, दहा वेळा वाचणाऱ्याला पंचवीस. स्लालमला दुसऱ्याशिवाय मजा नाही.

आता बसवणं. दोघांना एक पूर्ण दिवस लागतो, ब्रॅकेट घडवायचं असेल तर दोन. सुरुवात केबलपासून: इंजिनकडचं टोक सोडा आणि केबल हाताने पुढेमागे सरकवून बघा. एका बोटाने सरळ सरकली नाही तर वंगण घालत बसू नका, बदला. आतलं अस्तर झिजलं की तेलाने चार दिवस बरं वाटतं आणि मग परत अडकते. नवी केबल टाकताना वळणं मोठी ठेवा. २० सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण आलं की नवी केबलसुद्धा जड चालते.

केबलच्या टोकाच्या आट्यांपाशी बहुतेक जण फसतात. ३३-सी जातीच्या केबलच्या टोकाला १०-३२ चे इंची आटे असतात. नागपूरच्या इतवारीत सहज मिळणारा एम-५ चा नट त्यावर चढतो, कारण व्यास आणि पिच दोन्ही जवळजवळ सारखे आहेत. चढतो, पण ढिला बसतो, इंजिनच्या थरथरीने आटे खातो आणि एके दिवशी थ्रॉटल हातातून सुटतं. किटमधलेच नट वापरा, नाहीतर १०-३२ चा नायलॉन लॉकनट मागवून ठेवा. ब्रॅकेट हलवावं लागलं तर हिंगण्याच्या एमआयडीसीत ३१६ स्टीलच्या ३ मिमी पट्टीचं करून मिळतं. जुन्या साच्यावरच घडवून घ्या, अंदाजाने नको.

सर्वो आणि थ्रॉटल लिव्हर यांच्यातल्या दुव्यात इंजिन आयडलवर असताना २-३ मिमी ढील हवी. दुवा ताणलेला राहिला तर थ्रॉटल स्टॉपला पूर्ण टेकत नाही, टीपीएसला (थ्रॉटल किती उघडलंय ते सांगणारा सेन्सर) वाटतं गॅस दिलाय, आणि ६५० आरपीएमचं आयडल ९०० वर जाऊन बसतं. मग गिअर टाकताना खटका बसतो आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो. ढील जास्त ठेवली तर सर्वोचा पहिला हेलपाटा फुकट जातो आणि वेग वरखाली झुलत राहतो. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण पुढे न्या, मागे आणा आणि लिव्हर स्टॉपला टेकल्याचा टक असा आवाज कानाने ऐका. हे दहा वेळा करा. या तपासणीत घाई करू नका. हँडल मागे घेतल्यावर थ्रॉटल शंभर टक्के बंद झालंच पाहिजे.

वायरिंगमध्ये घरगुती वायर वापरू नका, टिन चढवलेली मरीन वायर घ्या. बॅटरी ते सर्वो ५ मीटर धरले तर जाण्यायेण्याचे १० मीटर होतात. ५ अँपिअरला २.५ चौरस मिमीच्या वायरमध्ये साधारण ०.३५ व्होल्ट पडतात, १.५ मध्ये जवळपास ०.६. म्हणून २.५ चीच टाका. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून १८ सेंटीमीटरच्या आत. जांभळी वायर इग्निशनची, करडी टॅकोमीटरची. आरपीएमचा सिग्नल करड्या वायरीवरून मिळतो. सेटिंगमध्ये सिलिंडर आठ टाकायला विसरू नका. सहावर राहिलं तर आरपीएम एक तृतीयांशाने जास्त दिसतं आणि सिस्टिम दर वेळी चुकीच्या ठिकाणी थांबते. ही सिग्नलची वायर इग्निशनच्या जाड केबलींपासून हातभर लांबून न्या, नाहीतर आरपीएमचा आकडा नाचतो. जोड क्रिंप करा आणि आत गोंद असलेलं हीट-श्रिंक चढवा. इंजिनच्या खोलीत बसणारा प्रत्येक विजेचा भाग ठिणगी बाहेर न पडणाऱ्या जातीचाच हवा. पेट्रोलच्या वाफेत साधा रिले म्हणजे आगीला आमंत्रण, आणि ब्लोअर (ही वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

जीपीएसचा पक (अँटेनाचा चपटा गोल डबा) फायबरच्या डेकखाली चालतो, पत्र्याच्या छताखाली किंवा टॉवरच्या जाड नळीखाली नाही.

पाण्यात उतरल्यावर कॅलिब्रेशन. प्रत्येक वेगासाठी बेसलाइन आरपीएम, म्हणजे तो वेग धरायला साधारण लागणारं आरपीएम, साठवावं लागतं. आम्ही ३०, ३५, ४५ आणि ५५ वर साठवलं. नेहमी बोटीत असतात तेवढीच माणसं घ्या, एकेक फेरी दोन्ही दिशांनी मारा आणि सरासरी धरा, म्हणजे वाऱ्याचा हिशेब बरोबर होतो. बेसलाइन चुकीचं असेल तर उठतानाच कळतं. जास्त असेल तर बोट ठरलेल्या वेगाच्या दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊन परत येते, कमी असेल तर नवशिका पाण्यातून उठतच नाही.

खिंडसीवर एक गोष्ट वेगळी जाणवली आणि ती इथे लिहायलाच हवी. हा सिंचनाचा तलाव, पावसाळ्यानंतर भरलेला असतो आणि उन्हाळ्यात उतरत जातो. उथळ पाण्यात बोटीला विरोध वाढतो, त्याच वेगाला जास्त आरपीएम लागतं. ऑक्टोबरात साठवलेलं बेसलाइन त्यामुळे एप्रिलमध्ये कमी पडतं. वर उन्हाळ्याची हवा विरळ, इंजिनची ताकदही थोडी उतरते. दर दोन महिन्यांनी बेसलाइन नव्याने साठवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

उन्हाचा मार डिस्प्लेला जास्त. मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि उघड्यावर उभ्या बोटीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. काच काळी पडते, सावलीत आणली की परत दिसू लागते. पांढऱ्या जाड कापडाचं कव्हर शिवून घ्या. पांढरे प्लास्टिक केबल टाय एका उन्हाळ्यात ठिसूळ होतात, काळे यूव्हीवाले लावा. सर्वोच्या दुव्याला महिन्यातून एकदा मरीन ग्रीस आणि कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस.

वेग झुलायला लागला तर सेटिंगला हात लावण्याआधी या क्रमाने बघा: केबल अडकते का, दुव्याची ढील वाढली का, इंजिन चालू असताना सर्वोपाशी व्होल्ट १२.५ च्या खाली जातात का, आणि शेवटी प्रॉपेलरचं पातं वाकलंय का. प्रतिसादाचं सेटिंग (सिस्टिम किती झटकन गॅस देते ते) सगळ्यात शेवटी. बरेच जण उलट करतात, प्रतिसाद मऊ करतात, झुलणं थांबल्यासारखं वाटतं, आणि स्कीयरला मग प्रत्येक ओढीनंतर बोट थकल्यासारखी लागते.

वेकबोर्डला ३५ च्या आसपास आणि दोन स्कीवर नवशिक्याला ३० ला सिस्टिम निवांत चालते. ट्यूबला मात्र बंदच ठेवा: ट्यूब सतत वळणात असते, वळणात बोट दबते, सिस्टिम गॅस देते आणि दोरीच्या टोकाचा वेग भलताच वाढतो. कोर्सच्या टोकाला वळतानाही आधी हँडल मागे, मग स्टिअरिंग. स्कीयर पडला तर ऑफचं बटण शोधायचं नाही, हात थेट हँडलवर. किल स्विचची (चालक जागेवरून पडला तर इंजिन बंद करणारा) दोरी चालकाच्या अंगावर आणि मागे बघणारा दुसरा माणूस बोटीत, हे दोन्ही नसतील तर बोट किनाऱ्यावरून सोडत नाही.

पुढच्या हंगामाआधी दोनच कामं करायची आहेत: दुव्याची पिन बदलायची, कारण तिला झीज दिसू लागली आहे, आणि १०-३२ चे चार लॉकनट टूलबॉक्समध्ये टाकायचे.