सात खळग्यांचा पॅनकेक पॅन, नऊ महिने वापरून (मधल्या खळग्यावरच जास्त लिहिलंय, माहितीये)

काल कस्टमर केअरच्या बाईंनी परत विचारलं, "सर, पॅन मीडियम फ्लेमवर वापरला होता का?" आणि मग मी फोन ठेवून हे अर्धवट राहिलेलं पुरं करायला बसलो.

कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून ओपन आहे, आणि तसाही हाच पॅन ऑनलाइन पाच-सहा नावांनी विकतात, साचा एकच. तुम्ही बघितला असेलच, फिका गुलाबी नाहीतर मिंट रंगाचा, हँडल लाकडासारखं दिसणारं पण प्लॅस्टिकचं, सात गोल खळगे, खळग्यात ससा, अस्वल, मांजर वगैरे तोंडं. बॉक्सवर इंडक्शन बेस असं मोठ्या अक्षरात. १३४९ रुपयांना पडला. आई म्हणाली, "घरात आप्पेपात्र आहे ना रे, मग हे कशाला?" उत्तर असं की लेकीला फिक्या गुलाबी, फिक्या निळ्या, लव्हेंडर रंगाचे जाड फुगलेले पॅनकेक पाहिजे होते, फोटोत दिसतात तसे, आणि आप्पेपात्रात आप्पेच होतात. विषय संपला.

जानेवारीत घेतला. नाशिकच्या थंडीत रविवारी सकाळी मिसळ सोडून कोणी घरी पॅनकेक करत बसतं यावर मित्रांनी भरपूर ऐकवलं, ते असो. पहिल्या काही रविवारी आम्ही खुश होतो. पॅनकेक फुगायचे, सुटायचे, तेल जवळजवळ लागायचं नाही. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाच स्टार दिले असते.

मग लक्षात यायला लागलं की दर वेळी सहा पॅनकेक गुलाबी आणि एक चॉकलेटी. कायम तोच. मधला.

आधी वाटलं दोष बीटाचा, गुलाबी रंग त्याचाच. बीटाचा रंग उष्णतेला कच्चाच असतो, जास्त वेळ तापला की तपकिरीकडे जातो हे खरं आहे. पण मग बाजूचे सहा गुलाबी कसे राहतात? मी अंबडला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, आमच्याकडे बेअरिंगचं तापमान बघायला इन्फ्रारेड गन असते, ती शनिवारी सांगून घरी आणली. (चकचकीत स्टीलवर ही गन खोटं रीडिंग देते, काळ्या नॉनस्टिकवर बऱ्यापैकी खरं, म्हणून भरवसा ठेवा.) छोट्या बर्नरवर, गॅस अगदी बारीक, पॅन रिकामा: कडेचे खळगे १५० ते १५५, मधला २१०. पन्नास-साठ डिग्रीचा फरक, एकाच पॅनमध्ये! पीठ-दूध-साखरेचं मिश्रण साधारण १४० च्या पुढे भराभर तांबूस व्हायला लागतं, पोळीवर डाग पडतात तीच भानगड. म्हणजे कडेचे जेमतेम वाचतात आणि मधल्याला चान्सच नाही.

मोठ्या बर्नरवर जरा बरं, कारण ज्योत गोल रिंगण करून बाहेरच्या बाजूला जाते. पण मोठा बर्नर बारीक केला की आमच्याकडे भक्कन विझतो.

म्हटलं इंडक्शनवर बघू, बॉक्सवर एवढं लिहिलंय. इंडक्शनवर तर अजून वाईट! मधला जळला आणि कडेचे कच्चे. का, तर पॅन उलटा करून फ्रीजवरचा मॅग्नेट लावून बघितला. मॅग्नेट फक्त मधल्या भागाला चिकटतो. पॅन ॲल्युमिनियमचा, त्याला इंडक्शन चालत नाही, म्हणून खाली स्टीलची गोल चकती दाबून बसवलीये, आणि ती चकती २६ सेंटिमीटरच्या पॅनला १२ सेंटिमीटरची. कपाळावर टिकली लावावी तशी. इंडक्शन फक्त टिकली तापवतं, बाकीच्या सहा खळग्यांनी शेजाऱ्याकडून उष्णता उसनी घ्यायची. आता ॲल्युमिनियम उष्णता छान पसरवतं, पण त्यासाठी पत्रा जाड पाहिजे, आणि या पॅनमध्ये जाडी वाचवलेली आहे हे हातात धरल्यावर कळतं. पैसे कुठे वाचवले ते कळलं, आमच्याकडून किती घेतले ते माहितीच होतं.

बायको म्हणते एका पॅनकेकवरून एवढं काय. एक नाहीये ना. सातातला एक म्हणजे १४ टक्के रिजेक्शन, आमच्या प्लांटमध्ये एवढं रिजेक्शन आलं तर मॅनेजर रडेल.

बरं, रंगांबद्दल लिहितो, कारण पेस्टल म्हटलं की लोक लगेच बाटलीतला रंग विचारतात. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटकनं गोबी मंच्युरियन आणि बुढ्ढी के बालमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, त्यात रोडामाइन-बी हा कपड्याचा रंग सापडल्याच्या बातम्या आल्या, त्या आईनं वाचल्या आणि आमच्या घरातल्या रंगाच्या बाटल्या त्याच दिवशी बाहेर गेल्या. ब्रँडेड खायचा रंग वेगळा असतो हे मी सांगून बघितलं. चाललं नाही.

मग निसर्ग. आणि इथे पॅनपेक्षा सोडा जास्त त्रास देतो. बाल्कनीत गोकर्ण आहे, त्याची फुलं गरम दुधात टाकली की सुंदर निळं दूध होतं. त्यात अख्खं अंडं घातलं की संपलं, बलक पिवळा, निळ्यात पिवळा म्हणजे हिरवट. निळा पाहिजे तर फक्त पांढरं घ्यायचं, बलक संध्याकाळच्या भुर्जीत. श्रावणात आमच्याकडे अंडं बंद, तेव्हा हिनं दही आणि सोडा घालून केले. दही घातल्या घातल्या निळ्याचं जांभळं झालं, लेक नाचायला लागली, मग सोडा पडला आणि परत निळसर, नीट ढवळलं नव्हतं तिथे हिरवे ठिपके. आंबटात गुलाबी-जांभळा आणि सोड्यात निळा-हिरवा, हा त्या रंगाचा स्वभावच आहे. काळ्या द्राक्षांचंही तेच. सीझनला पिंपळगावकडून येणाऱ्या पाहुण्यांनी पेटी आणली होती, सालं शिजवून रस काढला, मस्त वाइनसारखा रंग, म्हटलं लव्हेंडर पॅनकेक नाशिकनं नाही करायचे तर कोणी करायचे. सोडा घातला आणि थेट सिमेंटचा रंग आला. राखाडी. लेकीनं त्याला हत्ती पॅनकेक म्हणून खाल्लं म्हणून वाचलं. आता त्यात सोडा घालतच नाही, बेकिंग पावडर घालतो, तिच्यात सोड्याबरोबर आम्ल आधीच असतं त्यामुळे रंग फारसा हलत नाही, वर थेंबभर लिंबू. हळदीत सोडा गेला तर ती लाल होते, कुंकू करतात तसं, त्यामुळे पिवळ्यालाही तोच नियम. पालकाला मात्र उलटं, दही-ताक लागलं की हिरवा रंग शेवाळी होतो, त्याला साधं दूध.

स्ट्रॉबेरी टाकून बघितली, सुरगाण्याची, सापुतारा रस्त्यावर मिळते ती. चव एक नंबर, रंग काहीच नाही, फिकट मातकट. खायची तर वर ठेवून खा.

प्रमाण विचाराल तर एक वाटी मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, दोन अंड्यांचं पांढरं, पाऊण वाटीच्या जरा आत रंगीत दूध, दोन मोठे चमचे साखर. पांढरं वेगळं फेटायचं, भांड्याला तुपाचा हात लागलेला नको, नाहीतर बीटर जळेल पण फेस येणार नाही. मैदा फार घोटायचा नाही, गुठळ्या राहिल्या तरी चालतील, घोटला की चिवट होतो. शेवटी फेस हलक्या हातानं मिसळायचा आणि लगेच पॅनमध्ये, तेव्हा फोन घ्यायचा नाही.

आणि एक गंमत, जी कंपनीच्या कोणाच्या डोक्यात आली नसावी. खळग्यातला ससा दिसतो कसा? उठावाचा भाग जास्त तांबूस होतो म्हणून. पॅनकेक पेस्टल राहतो कसा? तांबूस झाला नाही म्हणून. म्हणजे ससा पाहिजे तर रंग नाही आणि रंग पाहिजे तर ससा नाही. बॉक्सवरच्या फोटोत दोन्ही आहेत. तो फोटो कसा काढला ते त्यांनाच विचारा.

आता सर्व्हिस. जुलैमध्ये मधल्या खळग्याचं कोटिंग फुगलं आणि एका कडेनं पोपडा निघाला. लाकडी चमचा सोडून काही लावलेलं नाही, घासणी मऊ, ओरखडा एकही नाही. मेल केला. त्यांनी बिल मागितलं, दिलं. फोटो मागितला, दिला. मग व्हिडिओ पाहिजे, मग बॉक्सवरचा बॅच नंबर पाहिजे, बॉक्स कोण ठेवतं नऊ महिने? आम्ही ठेवतो. आई कुठलाच बॉक्स टाकू देत नाही, माळ्यावरून काढला आणि नंबर दिला. त्यावर उत्तर आलं की कोटिंग वॉरंटीत येत नाही, वॉरंटी हँडल आणि बॉडीवर आहे. अरे मग व्हिडिओ कशाला काढायला लावला? मी तापमानाची रीडिंग पाठवली, चकतीला मॅग्नेट चिकटलेला फोटो पाठवला, नॉनस्टिक २६० च्या वर नेऊ नये असं सगळे सांगतात आणि तुमचा मधला खळगा बारीक गॅसवर रिकामा २१० ला जातो, मीडियमवर काय होत असेल विचार करा, असं सगळं मराठीत आणि हिंदीत लिहिलं. उत्तर: "सर, कृपया मीडियम फ्लेमवर वापरावे." नाशिकमधलं त्यांचं सर्व्हिस सेंटर म्हणजे एक कुरिअरचं दुकान निघालं, तिथल्या पोराला पॅनकेक म्हणजे काय हेच माहिती नव्हतं, त्याची काय चूक.

इथपर्यंतचं सगळं मी ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं (कालच्या फोनचं आणि बॉक्सचं नंतर घातलं) आणि एक स्टार देणार होतो. पण मत थोडं बदललंय, म्हणून पुढचं.

भांडी बाजारात दुसऱ्याच कामाला गेलो होतो, तांब्याच्या घंगाळाला डाग द्यायचा होता. तिथल्या काकांना सहज विचारलं की भांडं मधेच तापतं, काय करू. ते म्हणाले, "जुना लोखंडी तवा ठेवा खाली, दुधाला ठेवतात तसा, एक रुपया खर्च नाही." तोच माणूस मला नवीन भांडं विकू शकला असता. घरी येऊन केलं. आधी दहा मिनिटं तवा तापू द्यायचा, मग वर पॅन. मधला १७०, कडेचे १५५. गॅस जास्त जातो, वेळ दुप्पट लागतो, पण फरक बघा किती कमी झाला.

तरी १७० म्हणजे मधला तांबूसच. आणि तिथलं कोटिंग गेलेलं, त्यात पीठ घालायची इच्छाही होईना. मग त्या खळग्यात पीठच घालायचं बंद केलं. पॅन आचेवर ठेवायच्या आधी त्यात दोन चमचे पाणी, बाकी सहात पीठ, वर कढईचं काचेचं झाकण. पाणी आहे तोपर्यंत तो खळगा शंभरच्या फारसा वर जात नाही, उष्णता वाफेत जाते, आणि ती वाफ झाकणाखाली सगळ्या पॅनकेकना वरून शिजवते. जपानी सुफले पॅनकेक असेच करतात, बारीक आच, पॅनमध्ये थोडं पाणी आणि झाकण. मला हे माहिती होतं पण पाणी कुठे घालायचं हा प्रश्न होता, सपाट तव्यावर पाणी पळतं. इथे आयती विहीर मिळाली!

काय फुगले म्हणून सांगू. आधीपेक्षा जवळजवळ दीडपट उंच, कडा फिक्या, वरचा भाग कोरडा व्हायच्या आत आतून शिजलेला. बीटाचा गुलाबी गुलाबीच राहिला. झाकणाची वाफ थेंब थेंब पडून वर डाग येतात, त्याला झाकणाला पातळ फडकं बांधा, टोकं वर गाठ मारून, गॅसकडे लोंबू देऊ नका. पाणी आटलं की चमचाभर परत, पण लांबून, उडतं.

म्हणजे पॅन वाईट आहे का? सहा खळग्यांचा पॅन म्हणून चांगला आहे. खळग्याची खोली बरोबर आहे, पीठ पसरत नाही, उंचच वाढतं, हे सपाट तव्यावर रिंग लावूनही इतकं जमत नाही. हँडल नऊ महिन्यांत ढिलं झालेलं नाही. लेक स्वतः फुलं तोडून आणते, शाळेच्या डब्यातही निळे पॅनकेक जातात. आईसुद्धा हल्ली आप्पेपात्राचं नाव काढत नाही, तिला हिरवा आवडतो, लसणाची चटणी लावून खाते. पण घेणार असाल तर ऑनलाइन घेऊ नका, मेन रोडला किंवा कुठल्याही दुकानात हातात घेऊन बघा, वजन बघा, आणि खिशातून मॅग्नेट काढून बुडाला कडेपर्यंत चिकटतो का ते बघा. दुकानदार बघत राहील, बघू दे. कडेला मॅग्नेट पडला तर ठेवून या.

तीन स्टार देतोय. दोन फुगण्याचे, एक भांडी बाजारातल्या काकांचा.

आणि हे पोस्ट करेपर्यंत कंपनीचा मेल आलाच: "असुविधेबद्दल खेद आहे", सोबत कूपन, याच पॅनच्या पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट, मुदत पंधरा दिवस. १३४९ चे दहा टक्के १३५. सातव्या खळग्याचे होतात १९३. अजून ५८ द्यायचे राहिलेत तुम्ही, तसं लिहून पाठवलंय.