‘अ‍ॅलर्जी मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

खाण्याच्या अ‍ॅलर्जीवर कायमचा इलाज करून देतो असं सांगून पुण्यातल्या एका वेलनेस सेंटरने आमच्याकडून 62,000 रुपये घेतले आणि आमच्या साडेतीन वर्षांच्या लेकीचा जीव धोक्यात घातला. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे सेंटरचं नाव लिहीत नाही. पण ही माणसं बोलतात कशी आणि हातात कागद कोणते देतात हे कळलं, तर नावाशिवायही ती ओळखू येतील.

लेकीला शेंगदाणा आणि काजूची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. वर्षाची असताना कुटातली काकडीची कोशिंबीर चाखली आणि काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, आवाज घोगरा झाला. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी त्वचेवरची प्रिक टेस्ट आणि रक्तातल्या आयजीई या प्रतिपिंडाची (शरीर बचावासाठी तयार करतं त्या प्रथिनाची) तपासणी करून निदान पक्कं केलं. दाणे आणि काजू पूर्ण बंद. काजूच्या अ‍ॅलर्जीत पिस्ताही बहुतेकांना बाधतो, म्हणून तोही बंद. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन कायम जवळ, श्वास अडकला तर जीव वाचवायला. दरवर्षी पुन्हा तपासणी. दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते, दाण्याची मात्र साधारण पाचातल्या एकाचीच जाते, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं.

मराठी घरात दाणे टाळणं म्हणजे काय, ते ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, खिचडीत कूट, अळूच्या भाजीत अख्खे दाणे, उपासाच्या दिवशी तर सगळ्या ताटातच दाणे. मस्तानीवर काजू-पिस्ता, बर्फीत काजू. पाकीटबंद पदार्थांवर दाणे आणि सुकामेव्याची नोंद करणं एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनी बंधनकारक आहे, त्याचा मोठा आधार वाटतो. पण सुट्ट्या मिठाईला, भेळेच्या गाडीला, सोसायटीतल्या प्रसादाला लेबल नसतं. वाढदिवसाला जायचं तर मुलीचा डबा वेगळा न्यायचा, आणि ‘एवढंसं खाल्लं तर काय होतंय’ हे वाक्य प्रत्येक घरात नव्याने ऐकायचं. असं दोन-अडीच वर्षं काढलेल्या आईबापांना कोणी ‘हे सगळं संपू शकतं’ म्हटलं, तर ते ऐकणारच. या लोकांचा धंदा त्या थकव्यावर चालतो.

नाव ओळखीतूनच कळलं. सेंटर बाणेर भागात, चकचकीत. भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो, पांढऱ्या कोटातले एक गृहस्थ, ज्यांना तिथे सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. त्यांनी लेकीचे चार केस कापून घेतले, बोटाला टोचून रक्ताचे थेंब घेतले आणि तिच्या दोन्ही हातांत पितळी नळ्या दिल्या. नळ्यांच्या वायरी एका पेटीला, पेटी लॅपटॉपला. पडद्यावर पट्टे वरखाली होत राहिले. मला म्हणाले, “तुमचे डॉक्टर फक्त लक्षणं दाबतात, ताई. आम्ही शरीराची फ्रिक्वेन्सी दुरुस्त करतो. सहा महिन्यांत ही चिक्की खाईल.” त्याच दिवशी सगळे पैसे भरले तर सवलत, उद्या आलात तर नाही, हेही त्याच बैठकीत.

आठवड्याने रंगीत रिपोर्ट आला. दोनशेच्या वर पदार्थ, लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगात. गहू लाल, दूध लाल, टोमॅटो लाल, मुगाची डाळ पिवळी. शेंगदाणा पिवळा. काजू हिरवा. या एका पानावर सगळी फसवणूक छापलेली होती. पोळी, दूध, वरण-भात हे ती रोज जेवत होती, कधी अंगावर पुरळही नाही. आणि ज्या काजूने तिचा श्वास अडकू शकतो तो हिरवा.

याचं कारण मला नंतर आमच्या डॉक्टरांनी समजावलं, ते प्रत्येक पालकाला माहीत हवं. रक्ताच्या थेंबांवर सेंटरने केली होती आयजीजी या वेगळ्याच प्रतिपिंडाची तपासणी. एखादा पदार्थ आपण खातो, शरीराला त्याची ओळख होते, तेव्हा आयजीजी तयार होतं. निरोगी माणसातही होतं. जे रोज खाल्लं जातं ते त्या चाचणीत वर दिसतं. जे घरात येतच नाही, ते खाली. म्हणजे ज्या मुलाला दाणे-काजू कटाक्षाने टाळले जातात, त्याच्या रिपोर्टवर ते सौम्य दिसण्याचीच शक्यता जास्त. अ‍ॅलर्जीची तातडीची रिअ‍ॅक्शन आयजीईमुळे येते, तिचा या चाचणीशी संबंध नाही. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितलं आहे की अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी ही तपासणी करू नये. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या तज्ज्ञांच्या संघटनांचंही तेच मत आहे. केसांवरून किंवा हातात नळ्या धरून अ‍ॅलर्जी ओळखता येते याला तर कसलाच आधार नाही.

रिपोर्टनुसार गहू आणि दूध बंद करायला लावलं. त्याऐवजी त्यांच्याकडचीच पावडर, तिचे पैसे वेगळे. वाढीच्या वयातलं मूल, दोन महिन्यांत वजन उतरलं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “टॉक्सिन बाहेर पडतायत.” दर सिटिंगला पेटीवर दाण्याचा आकडा थोडा खाली आलेला दाखवत आणि शेवटच्या सिटिंगला तो शून्यावर आणला. मग लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र हातात दिलं: ‘शेंगदाणा व काजू – संवेदनशीलता निवारण पूर्ण’. वर तोंडी सल्ला, की आता ते इंजेक्शन बरोबर बाळगू नका, आईच्या मनातली भीती मुलाच्या शरीरात उतरते.

दाण्याची अ‍ॅलर्जी गेली का हे पाहायची खरी पद्धत म्हणजे ओरल फूड चॅलेंज, तोच पदार्थ खायला देऊन पाहणं. दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेसमोर, अगदी कणभरापासून सुरू करून ठरावीक वेळाने थोडं थोडं वाढवत, औषधं हाताशी ठेवून. आम्ही त्यासाठी आमच्या डॉक्टरांची वेळ घेतलीही होती. पण मधे संक्रांत आली.

सोसायटीत एका बाळाचं बोरन्हाण होतं. सासूबाई लेकीला घेऊन गेल्या होत्या. बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे, मुलं वेचत होती. कोणीतरी तिळाच्या वड्यांचं ताट फिरवलं. सासूबाईंनी ते छापील, शिक्का मारलेलं प्रमाणपत्र स्वतः वाचलं होतं. नातीला आजवर कधी देता न आलेली वडी त्यांनी अर्धी मोडून तिच्या हातावर ठेवली. वडीत तिळाबरोबर दाण्याचं कूट होतं. त्यांना कोण दोष देईल? मी देत नाही, कोणी देऊही नये. दोष तो कागद छापणाऱ्याचा आहे.

मी पोचले तेव्हा ती ओठ चावत होती, ते सुजायला लागले होते. कानामागे, मानेवर लाल चट्टे. खोकला सुरू झाला, कोरडा, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा. मग एकदम ती गळून माझ्या खांद्यावर पडली. सेंटरने सांगूनही तिच्या बाबांनी इंजेक्शनचं पाऊच बॅगेतून कधीच काढून ठेवलं नव्हतं. आपल्याकडे अ‍ॅड्रेनलिनचं तयार पेन सहजी मिळत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी औषधाची काचेची कुपी (अँप्युल), सिरिंज आणि लिहिलेला कागद दिला होता. वजनाच्या दर किलोला 0.01 मिलिग्रॅम, आणि तिच्या वजनाप्रमाणे सिरिंजवर मार्करची खूण. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, सरळ स्नायूत. ह्यांनी ते दिलं, मी 108 ला फोन लावला, तिला आडवं करून पाय उशीवर घेतले. रुग्णवाहिका यायच्या आत तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. रिअ‍ॅक्शन काही तासांनी पुन्हा येऊ शकते, म्हणून रात्रभर रुग्णालयात ठेवलं. शेजारच्या कुणीतरी आधी अ‍ॅलर्जीची गोळी द्या म्हणून सुचवलं होतं. त्या गोळीने खाज कमी होते, श्वास वाचत नाही. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिन आधी, बाकी सगळं नंतर.

सेंटरला कळवलं तर मेसेज आला: ‘शरीर शुद्ध होत असल्याचं लक्षण, अजून चार सिटिंग्ज लागतील.’ पैसे परत मागितल्यावर फोन उचलणं बंद आणि थोड्याच दिवसांत नंबरही बंद. तेव्हा पावती नीट वाचली. ‘उपचार’ हा शब्द कुठेच नाही, ‘वेलनेस मार्गदर्शन’ लिहिलेलं. खाली बारीक अक्षरांत, ‘हे वैद्यकीय निदान नाही’. ‘डॉक्टरां’च्या नावापुढे नोंदणी क्रमांक नाही. खरा डॉक्टर चिठ्ठीवर तो छापतो, आणि महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे तो पडताळता येतो.

खरे उपचार नाहीत असं नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दाण्याचं प्रमाण अगदी हळूहळू वाढवत नेणारी ओरल इम्युनोथेरपी आहे. अशा उपचारासाठीच्या दाण्याच्या पावडरीला अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळाली. 2024 मध्ये तिथेच ओमालिझुमॅब हे इंजेक्शन अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी मान्य झालं. पण यातलं काहीही सुरू असताना पथ्य सुटत नाही आणि अ‍ॅड्रेनलिनचं पाऊच घरी ठेवता येत नाही. ते घरी ठेवा म्हणून जो सांगेल, त्याच्या समोरून मुलाला घेऊन त्याच क्षणी उठा.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली, मग पुणे जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि तक्रारीची मुदत 2 वर्षं आहे. अशा सेंटरमध्ये तुमचे पैसे अडकले असतील तर पावती, रंगीत रिपोर्ट, प्रमाणपत्र यातलं काहीही रागाने फाडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट त्यांचा नंबर चालू आहे तोवर काढून घ्या. ‘इंजेक्शन नको’ हा सल्ला तोंडी दिला असेल तर मेसेजवर विचारून लेखी उत्तर मिळवा. आमच्याकडे ते उत्तर होतं, आणि आमच्या तक्रारीला आज सर्वात मोठा आधार त्याचाच आहे.