घोड्याच्या अंगावर हात ठेवून शिकलेली अरबी : बिंदू चौकाजवळच्या रविवारच्या वर्गाविषयी

कोल्हापुरात बिंदू चौकाच्या परिसरात एक निवृत्त अरबी-फारसी शिक्षक घोड्याच्या बांध्याचे वर्णन करणाऱ्या अभिजात अरबी शब्दांचा ८ रविवारांचा वर्ग घेतात. त्याचे शुल्क २,४०० रुपये आहे आणि आमच्या तुकडीत ११ जण होते. मी मोडी कागदपत्रे वाचतो. पागेच्या हिशेबांत अबलख (पांढरे-काळे पट्टे असलेला), कुमाईत (तांबूस-काळसर रंगाचा), रिकीब (पाय ठेवायची कडी), नाल हे शब्द वरचेवर येतात आणि त्यांचे मूळ अरबीत आहे एवढेच मला ठाऊक होते. ते मूळ नीट समजून घ्यावे, या हेतूने मी नाव नोंदवले.

पहिले दोन रविवार बैठ्या शिकवणीचे होते. अतीक म्हणजे आई-बाप दोन्हीकडून अस्सल अरबी घोडा, हजीन म्हणजे बाप अरबी पण आई नाही असा, आणि मुक्रिफ म्हणजे त्याच्या उलट, हे भेद सरांनी फळ्यावर वंशवृक्ष काढून समजावले. जवाद हा वेगवान घोड्याचा शब्द ज्या धातूपासून येतो त्याच धातूपासून औदार्याचा शब्दही येतो, म्हणजे हातचे न राखता धावणारा तो जवाद, हे त्यांचे विवेचन माझ्या कायमचे लक्षात राहील.

खरा वर्ग मात्र तिसऱ्या रविवारी, कसबा बावड्याकडच्या एका खासगी तबेल्यात झाला. तेथे एक कुमाईत घोडी उभी होती. सरांनी तिच्या कपाळावरच्या केसांना हात लावून ‘नासिया’ म्हटले, आयाळीतून बोटे फिरवत ‘उर्फ’, खांद्यांमधल्या उंचवट्यावर तळवा टेकवून ‘काहिल’, स्वार बसतो त्या जागी ‘सहवा’, पुठ्ठ्यावर ‘कतात’ आणि शेपटीच्या हाडाशी ‘असीब’ असे सांगत ते मागे गेले. आम्ही प्रत्येकाने त्यांच्यामागून तसाच हात फिरवत शब्द म्हटले. घोडीची देखभाल करणाऱ्या मोतद्दारमामांनी तिचा पाय उचलून गुडघ्यांत धरला, तेव्हा खुराच्या तळाचा तो कठीण मांसल भाग मी प्रथमच जवळून पाहिला. त्याला ‘नस्र’ म्हणजे गिधाड म्हणतात, आणि जुने कोशकार त्याची तुलना खजुराच्या बीशी करतात.

घोड्याच्या देहात पक्ष्यांची नावे शोधण्याची अरबांना मोठी आवड होती. मेंदू म्हणजे ‘फर्ख’, पक्ष्याचे पिल्लू. माथा म्हणजे ‘हामा’, घुबड. कंबरेच्या हाडांची दोन टोके म्हणजे दोन ‘गुराब’, कावळे. आणि वर सांगितलेली ‘कतात’ म्हणजे पखुर्डी, माळरानावरचा एक पक्षी. ज्या भाषेत दंडाच्या स्नायूला बेटकुळी म्हणतात, त्या भाषेच्या माणसाला यात परके काही वाटू नये.

हात लावून शिकवण्याची ही रीत सरांची स्वतःची नाही, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितले. इराकातल्या बसऱ्याचे अस्मई आणि अबू उबैदा या अरबी भाषेच्या दोन्ही जुन्या विद्वानांनी घोड्यांवर लिहिले होते, पण वजिरापुढे प्रत्यक्ष घोडा आणून अवयव ओळखायला सांगितले तेव्हा अबू उबैदा ‘मी काही घोड्यांचा वैद्य नव्हे’ म्हणून मागे राहिले. अस्मईंनी उठून नासिया धरली, एकेका अवयवाचे नाव कवितेच्या आधारासह सांगितले आणि तो घोडा बक्षीस मिळवला, अशी ही कथा आहे. तबेल्यातला तो एक दिवस शुल्कापैकी बहुतांश वसूल करून देतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका अनुवादाबद्दल माझा मतभेद आहे. ‘दामिर’ या शब्दासाठी वर्गात दिलेल्या टिपणात ‘हडकुळा’ असे दिले आहे. शर्यतीआधी घोड्याला प्रथम भरपूर चारून, मग चारा कमी करत, झुली घालून घाम काढत सुमारे ४० दिवस तयार करण्याच्या क्रियेला ‘तद्मीर’ म्हणतात. त्यातून निघालेला घोडा हडकुळा कसा? तो सडसडीत आणि कसलेला असतो. सरांना हे वर्गातच सांगितले आणि त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले.

टिपणांची मोठी उणीव मात्र वेगळी आहे. झेरॉक्स प्रतींत स्वरचिन्हे नाहीत. अरबीत ‘फरस’ म्हणजे घोडा आणि ‘फुर्स’ म्हणजे इराणी लोक, तसेच ‘उर्फ’ म्हणजे आयाळ आणि ‘अर्फ’ म्हणजे सुगंध; चिन्हांवाचून या जोड्या कागदावर सारख्याच दिसतात. घरी उजळणी करताना मी दोनदा चुकीचा उच्चार पाठ केला आणि तो पुसायला आणखी एक आठवडा गेला. रंगांचा आणि खुणांचा भागही शेवटच्या रविवारी घाईत उरकला. कपाळावरच्या पांढऱ्या ‘गुर्रा’पासून पायांच्या ‘तहजील’पर्यंत सारे तासाभरात संपले, वास्तविक आपल्याकडचा पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला) घोडा शेजारी ठेवून त्यावर अख्खी सकाळ घालवता आली असती. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांच्या शुभाशुभाचे तर नुसते नाव निघाले, आणि कोल्हापूरकडच्या घोडेवाल्यांना त्यातच सर्वाधिक रस असतो.

दिवाळीनंतर पुढची तुकडी सुरू होणार आहे. अरबी लिपी आधी येत नसेल तर तिचा पंधरा दिवस सराव करून जावे, टिपणांवर स्वरचिन्हे सरांकडून तिथेच पेन्सिलीने लावून घ्यावीत, आणि तबेल्याचा रविवार कोणत्याही कारणाने चुकवू नये.