गाडी पळवून बघितली, उभी करून नाही

विक्रेत्याने चावी हातात दिली तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. माझी फसवणूक तिथेच सुरू झाली आणि ती कळायला मला सतरा दिवस लागले. सेकंडहँड महागडी एसयूव्ही घ्यायच्या विचारात असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा.

गाडीचं आणि कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. गाडी मुळात उत्तम बनवलेली आहे. खोटेपणा केला तो मधल्या माणसाने.

मोठ्या, ताकदवान एसयूव्हींचं मला कॉलेजपासून वेड. 1970 च्या पहिल्या रेंज रोव्हरला कायमस्वरूपी फोर-व्हील ड्राइव्ह, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, हे मी त्या वयात पाठ केलेलं. पुढे या जातीच्या गाड्या कुठल्या कुठे गेल्या. 2017 च्या डिसेंबरमध्ये लॅम्बोर्गिनीने उरुस दाखवली, तिच्या चार लिटरच्या ट्विन टर्बो व्ही8 मध्ये 650 हॉर्सपॉवर आणि 850 न्यूटन मीटर टॉर्क. शून्य ते शंभर 3.6 सेकंदांत, तेही दोन टनांहून जास्त वजन घेऊन. अशी गाडी नवी घेणं मला शक्य नव्हतं. म्हणून त्याच धाटणीची, खालच्या पायरीवरची, सहा सिलिंडरची डिझेल गाडी जुन्या बाजारात शोधत होतो. माझ्या या वेडाची विक्रेत्याला पहिल्या पाच मिनिटांत कल्पना आली असणार, कारण त्याने मला गाडी दाखवलीच नाही, थेट चालवायला दिली.

"साहेब, तुम्ही येणार म्हणून धुऊन, जरा फिरवून आणली," तो म्हणाला. "नुसतं पेडल दाबा. बाकी गाडीच बोलेल."

आणि गाडी बोललीच. रिकाम्या रस्त्यावर पेडल दाबलं तर पाठ सीटला चिकटली. सव्वादोन-अडीच टनांचं धूड असं उसळावं, वळणावर इतकं सपाट राहावं, याचं मला नवल वाटत राहिलं. स्पोर्ट मोडमध्ये टाकल्यावर गाडी थोडी खाली बसली, स्टीअरिंग जड झालं, सायलेन्सरचा आवाज भरदार झाला. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मीटरवर एकसष्ट हजार आणि काही किलोमीटर. "सिंगल ओनर, सगळं हायवे रनिंग," तो म्हणाला. मी त्याच संध्याकाळी इसार दिला आणि दुसऱ्या दिवशी गाडी घरी आणली. विक्रीच्या कागदावर खाली बारीक अक्षरात "गाडी जशी आहे तशी, पाहून व तपासून घेतली आहे" असं छापलेलं होतं. मी वाचलं आणि सही केली. मला वाटलं, मी तपासलीच आहे की.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून खाली आलो, तर गाडी काहीतरी वेगळी दिसत होती. जवळ गेल्यावर कळलं, पुढच्या डाव्या चाकाच्या कमानीत माझी दोन बोटं जेमतेम जात होती. उजवीकडे तळहात आडवा मावत होता. गाडी सुरू केली, बॉनेटच्या बाजूने मोठा घरघराट झाला, कॉम्प्रेसर मिनिटभर चालत राहिला आणि कोपरा हळूहळू वर आला. त्या घरघराटाच्या आधी, इंजिन पेटल्याच्या पहिल्या दोन सेकंदांत, मागून साखळी आपटल्यासारखा एक खडखडाट आला आणि थांबला. विक्रेत्याला फोन केला. "थंडीत होतं साहेब, मोठ्या गाड्यांना होतंच." हा माणूस रोज अशा गाड्या हाताळतो, त्याला जास्त कळत असणार, असं मी स्वतःला समजावलं.

आता जे शिकलो ते नीट सांगतो, कारण नेमकं इथेच लोक फसतात. एअर सस्पेन्शनमध्ये पोलादी स्प्रिंगच्या जागी रबराची, हवेने भरलेली एअर स्प्रिंग असते. चाकापाशी उंची मोजणारे सेन्सर, हवा भरणारा कॉम्प्रेसर, हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, असा सगळा संसार असतो. गाडी पळताना हे सगळं जागं असतं. रबराला बारीक चीर पडली असेल तरी कॉम्प्रेसर गळलेली हवा लगेच भरून काढतो आणि तुम्हाला कसलाही दोष जाणवत नाही. उलट गाडी गालिच्यावरून जातेय असं वाटतं. चीर दिसते ती इंजिन बंद करून रात्रभर उभी ठेवल्यावर. काही गाड्यांचं कंट्रोल युनिट तर रात्री मध्येच जागं होतं आणि एक कोपरा खाली गेला असेल तर बाकीचेही त्याच पातळीला आणतं. मग सकाळी गाडी तिरकी न दिसता नुसती बुटकी दिसते, आणि नवख्याला ते लक्षातही येत नाही. तिकडे कॉम्प्रेसर मात्र जास्तीचं काम करून तापत राहतो आणि शेवटी तोही जातो. म्हणजे दुरुस्ती एका स्प्रिंगवर थांबत नाही.

खडखडाटाचंही तसंच. टायमिंग चेन म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारी साखळी. तिला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभरात तेल खाली उतरतं, आणि चेन लांबलेली असेल तर सकाळी दाब येईपर्यंत ती आपटते. इंजिन गरम असताना, नुकतंच बंद करून पुन्हा चालू केलं, तर बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. माझ्या गाडीत ही चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या तोंडाशी आहे. तिथे हात घालायचा तर इंजिन उतरवावं लागतं. "जरा फिरवून आणली" या तीन शब्दांची किंमत मला तेव्हा कळली.

सतराव्या दिवशी एका ओळखीच्या माणसाने त्याच्या विश्वासातल्या जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. काकांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, मग खाली वाकले आणि सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून फिरवलं. बोट बाहेर काढलं तेव्हा ते पेरापर्यंत काळंकुट्ट, तेलकट काजळीने माखलेलं.

"भाऊ, धुरातली काजळी अडवणारा डिझेल फिल्टर जागेवर असता तर हे बोट असं झालं नसतं," ते म्हणाले. "आत नळी जवळजवळ साफ राहते. तुम्हाला गाडी पळवून दाखवली ना?"

रॅम्पवर चढवल्यावर फिल्टरच्या डब्यावर वेल्डिंगची ओबडधोबड रेघ दिसली. डबा कापून आतलं जाळीदार पोट काढून टाकलं होतं आणि पुन्हा शिवून बसवला होता. वरून बघणाऱ्याला डबा जागच्या जागी. इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब आणि डिझेल वाढवलं होतं, आणि फिल्टरबद्दल तक्रार करणारे सगळे एरर कायमचे बंद करून टाकले होते. ज्या ओढीवर मी भाळलो, ती कंपनीने दिलेली नव्हतीच. धूर कोंडणारा अडथळा काढून, गिअरबॉक्स आणि टर्बोच्या आयुष्यातून उसनी आणलेली ती ताकद होती. शिवाय जो धूर फिल्टरने अडवायचा, तो मी सतरा दिवस माझ्याच गल्लीतल्या पोरांच्या तोंडावर सोडत होतो. याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग काकांनी स्कॅनर लावला. एरर शून्य. मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात त्यांनी एक ओळ दाखवली, "एरर पुसल्यानंतर धावलेलं अंतर: 412 किलोमीटर." मी गाडी ताब्यात घेतली तेव्हा मीटर 61,840 होतं, त्या क्षणी 62,246. म्हणजे मी चालवली 406. उरलेले सहा किलोमीटर? मला गाडी सुपूर्द करण्याच्या अगदी आधी कोणीतरी बसून एरर पुसले होते. हा आकडा साध्या, खिशात मावणाऱ्या स्कॅनरवरही बहुतेक गाड्यांत दिसतो. त्याच यंत्रावर आणखी एक पान असतं, गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या की अपूर्ण आहेत ते सांगणारं. विकायला ठेवलेल्या, रोज वापरात असलेल्या गाडीच्या बऱ्याचशा तपासण्या "अपूर्ण" दिसल्या, तर एरर नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती असं समजा आणि कारण विचारा.

मीटरही मागे केलेलं निघालं. डॅशबोर्डवरचा आकडा बदलणारे गाडीतल्या प्रत्येक युनिटपर्यंत पोचतातच असं नाही. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये शेवटची नोंद 1,47,000 च्या वर होती. इंजिन एकूण किती तास चाललं, तो आकडा 4,100 च्या आसपास. काकांनी बिलाच्या पाठीमागे भागाकार करून दाखवला. बासष्ट हजार भागिले एक्केचाळीसशे म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर. "सगळं हायवे रनिंग" असलेली गाडी सरासरी पंधराने चालली? दीड लाखाच्या हिशोबाने ताशी छत्तीस येतात, आणि ते पटतं.

टायरचं थोडक्यात सांगतो. पुढचे दोन एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या कंपनीचे, आणि झिजेत बराच फरक. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. माझ्या पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये चार वर्षांचं अंतर होतं. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा झाला की ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतला, क्लच सतत घासत राहतो. ब्रेकचंही बघाच. 2,400 किलोची गाडी ताशी शंभरवरून थांबवायची तर सव्वानऊ लाख ज्यूल ऊर्जा त्या चार डिस्कना उष्णता म्हणून गिळावी लागते, आणि वेग दुप्पट झाला की चौपट. तिथे स्वस्तातले पॅड बसवून विकणारा माणूस तुमच्या जिवाशी खेळत असतो.

विक्रेत्याकडे गेलो. त्याने मोठ्या शांतपणे माझी सही दाखवली, "पाहून व तपासून." फोटो, स्कॅनरचे प्रिंट, काकांचं लेखी म्हणणं घेऊन मी रीतसर तक्रार केली आहे. मीटर मागे करणं ही दडवलेली फसवणूक आहे आणि "जशी आहे तशी" या शब्दांनी ती झाकली जात नाही, असं माझ्या वकिलांचं म्हणणं आहे. निकाल लागायचा आहे.

तुम्ही बघायला जाल तेव्हा आदल्या दिवशीच सांगा की गाडी सकाळी थंड हवी, रात्रभर हललेली नको. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवसाची वेळ मागा. तो टाळाटाळ करू लागला तर निघा. इग्निशन नुसतं ऑन करा, इंजिन पेटवू नका. चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे आधी लागून मग विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर ते कोणीतरी मुद्दाम झाकले असण्याची शक्यता आहे. काच खाली करून, रेडिओ बंद ठेवून पहिले पाच सेकंद ऐका. चालवणं सगळ्यात शेवटी.

माझ्या गाडीत आता कंपनीचा नवा फिल्टर आहे, मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं आहे, पुढच्या दोन्ही एअर स्प्रिंग आणि कॉम्प्रेसर बदलले आहेत. पूर्वीसारखी उसळत नाही. चेनचं काम बाकी आहे, तोवर ती फारशी बाहेर काढत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक मोजपट्टी आणि एक वही ठेवली आहे. रात्री गाडी लावली की चारही चाकांच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची लिहितो, सकाळी पुन्हा मोजतो. पुढचे दोन्ही कोपरे जिथल्या तिथे असतात. मागचा उजवा या आठवड्यात आठ मिलिमीटर खाली गेला आहे.